घरात एकत्र प्रार्थना सुरू करायची आहे? पाच मिनिटांपासून सुरुवात करा

रविवारी सगळे घर मिळून मिस्साला जाते, पण घरी मात्र ज्याची त्याची प्रार्थना वेगळी, नाही तर कुणाचीच नाही, अशी कितीतरी कॅथलिक घरे आहेत. इच्छा असते. एखादे प्रवचन मनाला लागते, घरात एखादे आजारपण येऊन जाते, आणि ठरते की उद्यापासून रोज रात्री रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची मरियेची प्रार्थना. चार-पाच दिवस होतेही. मग कुणाची परीक्षा येते, कुणाला कामावरून उशीर होतो, आणि माळ पुन्हा डबीत जाते. आमच्या घरी असे तीनदा झाले. चौथ्यांदा टिकले. आमची श्रद्धा अचानक वाढली म्हणून नाही, तर त्या वेळी आम्ही सुरुवात अगदी लहान केली म्हणून.

ज्यांनी आजवर घरात एकत्र प्रार्थना केलेलीच नाही, किंवा करून सोडून दिली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. यातले सगळे एकदम करू नका. एक पायरी अंगवळणी पडली की मगच पुढची.

एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण पाच मिनिटांत काय होणार असे वाटू शकते. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरूंना हाकलले, कितीतरी जणांना मारले, चर्चे पाडली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले. एका बाईने तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर बर्नार पेतीजाँ यांना हळूच सांगितले की आमचेही हृदय तुमच्यासारखेच आहे, आणि विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्यात धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती. आईबापांनी मुलांना हळू आवाजात शिकवलेल्या प्रार्थना तेवढ्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा, म्हणजे घरातले चर्च, म्हटले. ते वाचताना मला नेहमी ती बाई आठवते.

पहिली पायरी: आधी दोघांनी

मुलांना बोलावण्याआधी नवरा-बायकोने आठवडाभर दोघांनीच प्रार्थना करा. हे बरेच जण गाळतात आणि तिथेच गाडी अडते. मुलांसमोर पहिल्यांदा तोंड उघडायची वेळ येते तेव्हा दोघेही एकमेकांकडे बघत बसतात.

बायबलमधल्या तोबीतच्या ग्रंथात तोबिया आणि सारा यांच्या लग्नाची पहिली रात्र आहे. साराच्या आयुष्यात आधी फार भयंकर गोष्टी घडलेल्या असतात, दोघांच्याही मनात भीती असते. तोबिया तिला म्हणतो, ऊठ, आपण प्रार्थना करू. प्रार्थना छोटीशीच आहे. देवाची स्तुती, आदाम आणि हव्वेची आठवण, आणि आम्हा दोघांना एकत्र म्हातारे होऊ दे ही विनंती. आठव्या अध्यायात ती मिळेल. पहिल्या रात्री काय म्हणायचे ते सुचत नसेल, तर तीच वाचा.

याच आठवड्यात वेळ आणि जागा ठरवून घ्या. मुलांसमोर त्यावर वाद नको.

दुसरी पायरी: वेळ

रात्री साडेआठला, असे घड्याळावर ठरवू नका. घरात रोज होतेच होते अशा एखाद्या गोष्टीला प्रार्थना जोडा. माझे स्पष्ट मत: रात्रीचे जेवण संपल्यावर, ताटे उचलण्याआधी. सगळे आधीच बसलेले असतात, कुणाला कुठून बोलवावे लागत नाही, आणि पोट भरलेले असते. एकदा ताटे उचलली की घर चार दिशांना पांगते, आणि मग हाका मारण्यातच दहा मिनिटे जातात.

ज्यांचे जेवण एकत्र होत नाही, त्यांच्यासाठी लहान मुलांची निजायची वेळ. तीही नाही, तर सकाळी घराबाहेर पडताना दाराशी उभे राहून. बायबलमधल्या 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांना कधी शिकवायची ते सांगितले आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. त्यात घड्याळ नाही, घरचा दिवस आहे.

फोन दुसऱ्या खोलीत. आईबापांचे आधी.

तिसरी पायरी: जागा

क्रूस, उघडे बायबल आणि एक मेणबत्ती. एवढे पुरे. मोठा आल्तार (वेदी) नंतर करता येईल. शेल्फचा एक कोपरा चालतो, जेवणाच्या टेबलाची एक बाजूही चालते. फक्त त्या जागी बिले आणि किल्ल्या साठू देऊ नका.

मेणबत्ती मात्र हवीच. आमची धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. मागून तिचा हात धरून आगकाडी ओढायचे काम माझे, वातीला लावायचे तिचे. दोन-तीन काड्या वाया जायच्या. वात पेटली की ती दोन्ही हात मांडीवर ठेवून एकदम गप्प बसायची. मी कधी सांगितले नाही की आता शांत बस, त्या ज्योतीनेच तिला ते शिकवले. विझवायचे काम मोठ्या मुलाचे, म्हणजे त्यालाही शेवटपर्यंत थांबायचे कारण असायचे.

चौथी पायरी: पहिले दोन आठवडे

पहिले दोन आठवडे रोज एवढेच करा, याच क्रमाने. मेणबत्ती लावा. सगळ्यांनी मिळून सावकाश क्रूसाची खूण करा, माशी हाकलल्यासारखी नको. मग दहा श्वास शांतता. प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक गोष्ट सांगून देवाचे आभार मानायचे, एका वाक्यात. मग सगळ्यांनी मिळून प्रभूने शिकवलेली प्रार्थना. शेवटी आईने किंवा वडिलांनी प्रत्येक मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करायची. मेणबत्ती विझवा.

पाच मिनिटे होतात, कधी चारच. सगळ्यांना आणखी थोडे हवेसे वाटत असतानाच संपवा. पहिल्या आठवड्यात उत्साहाने अर्धा तास घेतला, तर तिसऱ्या आठवड्यात कुणी बसणार नाही.

कपाळावरच्या खुणेबद्दल थोडे सांगतो, कारण पुष्कळ आईवडिलांना वाटते की आशीर्वाद द्यायचा तो फादरांनीच. तसे नाही. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि लगेच आईवडिलांना व धर्ममातापित्यांनाही तीच खूण करायला सांगतात. म्हणजे हे काम तुम्हाला त्याच दिवशी सोपवलेले आहे. 'देव तुला आशीर्वाद देवो आणि सांभाळो' एवढे शब्द पुरेत. दिवसभर मुलाशी वाजलेले असले, तरी ही खूण चुकवू नका. ज्या दिवशी वाजलेले असेल, त्या दिवशी तर नाहीच नाही.

पाचवी पायरी: स्वतःच्या शब्दांत

हीच खरी अवघड पायरी. पाठ असलेल्या प्रार्थना आपण झोपेतही म्हणू. पण बायको-मुलांसमोर स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायचे म्हटले की घसा कोरडा पडतो. मलाही खूप संकोच वाटायचा. पुरुषांना तो जास्तच वाटतो, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून आभारांच्या जोडीला एक विनंती घ्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबजीवनावर जे पत्र लिहिले, त्याच्या ३१८व्या परिच्छेदात घरच्या प्रार्थनेत काय बोलावे हे अगदी सोपे करून दिले आहे: आपली चिंता सांगा, घराची गरज मागा, अडचणीत असलेल्या एखाद्यासाठी प्रार्थना करा, प्रेमाने वागायला मदत मागा, आयुष्यासाठी आभार माना, मरियेच्या आश्रयाला जा. रोज यातली एकच गोष्ट घेतली तरी आठवडा निघतो.

लहान मुलांना पाच बोटांची पद्धत पटकन जमते. अंगठा आपल्या सगळ्यात जवळ, म्हणून घरच्यांसाठी. तर्जनी वाट दाखवते, म्हणून शिक्षक, डॉक्टर, धर्मगुरू यांच्यासाठी. मधले बोट सगळ्यात उंच, म्हणून अधिकारपदावरच्या लोकांसाठी. अनामिकेत जोर कमी, म्हणून आजारी आणि दुबळ्यांसाठी. करंगळी शेवटी स्वतःसाठी. मुले बोटे मोजत मोजत म्हणतात आणि काही विसरत नाहीत.

आता एक कडक नियम, आणि तो मोठ्यांसाठी आहे. प्रार्थनेतून मुलांना बोलणी ऐकवायची नाहीत. बायकोलाही नाही, नवऱ्यालाही नाही. 'देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे' हे मी एकदा म्हटले, माझ्या मोठ्या मुलासमोर, त्याचे गुण कमी आले त्या दिवशी. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. त्यानंतर महिनाभर आभारांच्या वेळी तो फक्त 'काही नाही' म्हणायचा. मी देवाशी बोलत नव्हतो, देवाला मध्ये घेऊन त्याला रागावत होतो, आणि हे त्याला माझ्याआधी कळले होते.

ते सुटले कसे, तेही सांगतो. एका रात्री मी म्हटले, 'प्रभू, आज सकाळी मी याच्यावर उगाच ओरडलो. मला क्षमा कर.' नाव घेतले, समोर तो बसलेला होता. कुणी काही बोलले नाही. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, आणि 'जशी आम्ही क्षमा करतो' तिथे त्याचा आवाज मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आला. कपाळावर खूण करताना त्याने डोके थोडे पुढे केले.

म्हणून मुलांनी मनातले बोलावे असे वाटत असेल, तर आधी तुम्ही बोला. खोटे नको, शोभेचे नको. थकला असाल तर 'देवा, आज फार थकलोय' एवढीही प्रार्थना होते. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाला आई तिच्या पाचव्या वर्षी अंतरली. रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत ती वडिलांशेजारी असायची, आणि संत कशी प्रार्थना करतात हे समजायला मला त्यांच्याकडे नुसते पाहिले की पुरायचे, असे तिने पुढे लिहून ठेवले. ते वडील लुई आणि आई झेली मार्टिन यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संत घोषित केले गेले. एकत्र संतपद मिळालेले ते पहिले जोडपे. मुले शब्द विसरतात, पण चेहरा लक्षात ठेवतात.

सहावी पायरी: शनिवारी शुभवर्तमान

महिना-दीड महिना झाला की आठवड्यातून एक दिवस बायबल घ्या. शनिवार सगळ्यात चांगला, कारण रविवारच्या मिस्सातले शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा उतारा, आदल्या रात्रीच वाचता येते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तोच उतारा आला की मुले एकमेकांना कोपर मारतात: हे कालचेच!

रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. चौथे, योहानाचे, मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतर) येते. कोणता उतारा ते धर्मग्रामाच्या पत्रकात किंवा मिस्साच्या पुस्तकात दिलेले असते.

वाचणारा दर वेळी बदलता ठेवा. एकदा वाचा, थोडे थांबा, पुन्हा वाचा. मग प्रत्येकाने आपल्याला भिडलेला एक शब्द किंवा एक वाक्य नुसते उच्चारायचे. स्पष्टीकरण द्यायचे नाही. वडिलांनी प्रवचन सुरू केले की मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. एखाद्याने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर 'फादरांना विचारू' म्हणा, आणि खरेच विचारा.

सातवी पायरी: रोझरी

रोझरी मुद्दाम इतक्या उशिरा ठेवली आहे. ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे, तर पहिल्याच दिवशी पूर्ण रोझरी घेऊन दमलेली घरे मी पाहिली आहेत म्हणून. पूर्ण रोझरीला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. सवय नसलेल्या मुलाला तो वेळ फार मोठा वाटतो.

एका रहस्यापासून, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगापासून, सुरुवात करा: प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याचा गौरव. चार मिनिटे. रोज एकच रहस्य घेतले तरी पाच दिवसांत एक संच पुरा होतो, आणि शुक्रवारी रात्री मुलांना आपण पूर्ण रोझरी केली याचा आनंद असतो.

पुढे रोज पाचही रहस्ये घ्यायला लागलात, की वारांचा क्रम असा: सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. त्याच पत्रात त्यांनी सुचवले होते की रहस्य जाहीर झाल्यावर त्याबद्दलचा बायबलमधला छोटा उतारा वाचावा आणि क्षणभर शांत राहावे. घरात याचा फार उपयोग होतो. 'तिसरे रहस्य, येशूचा जन्म' म्हटल्यावर लगेच माळ धावू लागली, तर मुलांसमोर काहीच उभे राहत नाही. गोठ्याचे एखादे चित्र समोर ठेवा, 'आई कुठे बसली आहे बघ' एवढे म्हणा, मग सुरू करा.

नमो मरियेचा पहिला अर्धा भाग एकाने आणि दुसरा बाकीच्यांनी म्हणायचा, आणि पुढाकार प्रत्येक रहस्याला बदलायचा. सहा वर्षांचे मूलही दहा मण्यांचे नेतृत्व करते. मणी चुकले, अकरा झाले, नऊ झाले, काही बिघडत नाही. टोकू नका.

कुटुंबाने मिळून म्हटलेल्या रोझरीला, प्रायश्चित्त संस्कार, कम्युनियन आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटींवर, ख्रिस्तसभा पूर्ण दंडमुक्तीही (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट) देते. चर्चमध्ये म्हटलेल्या रोझरीच्या बरोबरीने घरच्या रोझरीचा तिथे उल्लेख आहे. फादर पॅट्रिक पेटन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या धर्मगुरूंनी १९४२ पासून उभे आयुष्य घरच्या रोझरीचा प्रसार करण्यात घालवले. त्यांना ती कुणी सेमिनरीत (धर्मगुरूंच्या शिक्षणसंस्थेत) शिकवली नव्हती. लहानपणी घरी रोज संध्याकाळी सगळे गुडघे टेकायचे, तिथून ती आली.

जिथे अडते तिथे

तान्ही आणि दोन-तीन वर्षांची मुले हिंडतील, मेणबत्तीकडे झेपावतील, मध्येच पाणी मागतील. प्रार्थना चालू ठेवा. ती ऐकत असतात.

किशोरवयीन मुलांशी मात्र समजून वागावे लागते. माझे मत असे की पाच मिनिटे बसायचे, हा घराचा नियम ठेवावा. बोलायचेच, हा नियम ठेवू नये. गप्प बसलेला मुलगाही प्रार्थनेत असू शकतो, आपल्याला ते दिसत नाही इतकेच. त्याला काम द्या: उतारा निवडणे, गाणे सुरू करणे, कुणासाठी प्रार्थना करायची ती नावे वहीत लिहिणे. ती वही आम्ही अजून वापरतो. वर्षाअखेरीस मागची पाने वाचली, की काय काय मिळाले हे पाहून मोठ्यांचेही डोळे भरतात. काही नावांपुढे क्रूस काढलेला असतो. त्यांच्यासाठी आता नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, प्रार्थना होते.

जोडीदाराला नको असेल किंवा त्याचा धर्म वेगळा असेल, तर त्याला ओढू नका, टोमणे तर मुळीच मारू नका. तुम्ही आणि मुले बसा. दार उघडे ठेवा. जेवणाआधीची कृतज्ञता आणि एक मिनिट शांतता यात तो बहुतेक सहभागी होईल. तेवढ्यावर आनंद माना.

नवरा-बायकोचे भांडण झालेले असेल त्या रात्री प्रार्थना टाळावीशी वाटते. टाळू नका, पण आव आणू नका. फक्त प्रभूची प्रार्थना म्हणा. क्षमेची ओळ जड जाईल, ती जड जाऊ द्या.

आणि दिवस चुकले तर? चुकणारच. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट प्रार्थना घेऊ नका, कुणाचा दोष तेही काढू नका. दहा दिवस गेले असतील तर अकराव्या दिवशी मेणबत्ती लावा आणि चौथ्या पायरीवरच्या पाच मिनिटांपासून पुन्हा सुरू करा. आमच्याकडे मोठ्या आजारपणानंतर दोन महिने खंड पडला होता. पुन्हा सुरुवात धाकटीने केली. ताटे उचलायला मी उठलो, तर ती म्हणाली, 'बाबा, थांबा ना, काडी कुठे आहे?'

वर्षभरात ख्रिस्तसभेचे ऋतू आपोआप मदत करतात. आगमनकाळात (नाताळआधीच्या चार आठवड्यांत) चार मेणबत्त्यांचे चक्र, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी क्रूसाच्या वाटेचे (येशूच्या क्रूसमरणाच्या प्रवासातल्या चौदा टप्प्यांचे) एखादे स्थान, चौदा एकदम नकोत. मे मरियेचा, जून येशूच्या पवित्र हृदयाचा, ऑक्टोबर रोझरीचा. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी यातला एकच काळ निवडावा.

घरापासून दूर गेलेल्यांसाठी एक शेवटची सोय. आमचा मोठा मुलगा आता शिकायला बाहेर असतो. जेवण झाले की त्याचा फोन येतो, आणि तो एकच फोन आमच्या टेबलावर चालतो. मेणबत्तीशेजारी ठेवतो, स्पीकर लावतो. आवाज थोडा मागे-पुढे होतो, प्रभूची प्रार्थना आमची संपते तेव्हा त्याची एक ओळ उरलेली असते, आम्ही थांबतो. मग मी म्हणतो, 'देव तुला आशीर्वाद देवो आणि सांभाळो', आणि तिकडे तो स्वतःच्या अंगठ्याने स्वतःच्या कपाळावर खूण करतो.